उतरण्याआधी परतीचा चढ पाहावा: सह्याद्रीतील गाडीवाटा आणि दुचाकी

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचे वय ३४ आणि उंची ५ फूट ५ इंच आहे. तुमच्याकडे वर्षभरापूर्वी घेतलेली हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही ही दुचाकी आहे. मार्चमधल्या एका रविवारी तुम्ही पुण्याहून एकटेच वेल्ह्याच्या अंगाला गेलात, पठारावरच्या वाडीपुढून जुन्या गाडीवाटेने ओढ्याकडे उतरलात, त्या उतारावर तीनदा पडलात, क्लचचा लिव्हर तुटला आणि परत येताना गाडी चढेना म्हणून वाडीतल्या चौघांनी ती ढकलत वर आणून दिली. यात साडेचार तास गेले. आता तुम्ही विचारता की टायर बदलावेत, शॉकअप बदलावेत की सरळ मोठी गाडी घ्यावी. शिवाय एकट्याने जाणे चूक आहे का आणि त्या ओढ्यापलीकडे वाट पुढे जाते का, हेही तुम्हाला हवे आहे.

तुमच्या हकिगतीत तीन निराळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत असे मला वाटते. पहिली अडचण अशी की जिथून वर येणे तुम्हाला शक्य नव्हते तिथे तुम्ही उतरलात. दुसरी, उतरताना ब्रेक आणि क्लच यांचा वापर चुकला. तिसरी सामानाची, म्हणजे टायर, शॉकअप आणि गाडी यांची, आणि ती या तिघींत सर्वांत लहान आहे. तुम्ही मात्र प्रश्न फक्त तिसरीबद्दल विचारला आहे. हे स्वाभाविक आहे, कारण टायर दुकानात मिळतात. मी गेली सोळा वर्षे मुळशी, वेल्हे, भोर आणि मावळ या भागांतल्या कच्च्या वाटांवर दुचाकी चालवतो आणि अधूनमधून नवख्यांना सोबत नेतो. मला भेटलेल्या दहांपैकी आठ जणांचा प्रश्न टायरपासूनच सुरू झालेला आहे, आणि त्या आठांत मीही एकेकाळी होतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. तुमचे वजन किती, पाय जमिनीवर कितपत टेकतात, पडलेली गाडी तुम्ही दिवसातून किती वेळा उचलू शकता, ऋतू कोणता आहे आणि पायाखाली दगड कुठला आहे, यांवर माझे अर्धे उत्तर बदलते. म्हणून जमिनीपासूनच सुरुवात करतो.

सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. या थरांत घट्ट, टणक बेसाल्टचे थर असतात आणि त्यांच्या मध्ये पोकळ्या-पोकळ्यांचे, लवकर झिजणारे थर असतात. टणक थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याचा मुरूम होतो, आणि त्यामुळे इथल्या डोंगराला पायऱ्यांचा आकार येतो. आपण ज्याला पदर किंवा माची म्हणतो ती त्या पायरीची सपाटी. दुचाकीस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की इथली वाट हळूहळू अवघड होत जात नाही. ती दोन किलोमीटर पदरावरून आरामात जाते, तुम्हाला तिसरा गिअर टाकू देते, आणि मग पायरीची कड आली की पन्नास-साठ मीटरांत एकदम कोसळते. सपाटीवर मिळालेला आत्मविश्वास त्या कडेवर काही उपयोगाचा नसतो, उलट तो तुम्हाला न थांबता खाली घेऊन जातो. तुमचे तिन्ही पडणे ‘वाडीपासून थोडे पुढे, वाट अचानक खाली वळल्यावर’ झाले असे तुम्ही लिहिले आहे. मी ती जागा पाहिलेली नसेल तरी एवढ्यावरून तिचे चित्र काढू शकतो.

ऋतूचेही तसेच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जमीन अजून घट्ट असते, पण कमरेएवढ्या गवतात दगड दिसत नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत गवत वाळून कापले गेलेले असते आणि मुरमात थोडी ओल शिल्लक असते. शिकण्यासाठी याहून चांगला काळ नाही. मार्च ते मे या काळात तीच वाट सुटी होते आणि वरची खडी पायाखाली गोट्यांसारखी लोळते. गिर्यारोहक ज्याला घसारा म्हणतात तो हाच, आणि तुम्ही नेमके त्यात सापडलात. याच महिन्यांत वणव्याची भीती असते, म्हणून तापलेला सायलेन्सर वाळक्या गवतावर टेकेल अशी गाडी कधीही उभी करू नये. जूनमध्ये पहिल्या सरीनंतर धुळीचा बुळबुळीत लेप होतो, आणि पुढे सप्टेंबरपर्यंत कातळावर शेवाळ असते. ओल्या शेवाळलेल्या कातळावर कुठलाही टायर धरत नाही, हे तुम्ही टायर विकत घेण्याआधी लक्षात ठेवावे.

आता उतरण्याकडे येतो. तुम्ही लिहिता, ‘गाडी वेग घेऊ लागली म्हणून क्लच दाबला आणि दोन्ही ब्रेक लावले, तेवढ्यात पुढचे चाक निसटले.’ या एका वाक्यात सगळे कारण आले आहे. क्लच दाबताच इंजिन चाकापासून सुटते आणि इंजिनाने जो वेग रोखून धरला होता तो मोकळा होतो. मग तो वेग रोखण्याचे सगळे काम ब्रेकवर येते, आणि घाबरलेला हात पुढचा ब्रेक एकदम आवळतो. उतारावर भार पुढच्या चाकावर असतो, त्यामुळे पक्क्या कातळावर पुढचा ब्रेक चांगला धरतोही. पण घसाऱ्यावर चाक थांबले की त्याखालची खडी चाकाला घेऊन खाली निघते. फिरणारे चाक वळवता येते, थांबलेले चाक फक्त घसरते, आणि त्या क्षणी हँडल कोणीकडेही वळवले तरी उपयोग होत नाही.

यासाठी मी जी पद्धत वापरतो ती अशी. उताराच्या तोंडाशी, अजून सपाटीवर असतानाच, पहिला गिअर टाकावा आणि क्लच पूर्ण सोडून द्यावा. त्यानंतर उतार संपेपर्यंत डावा हात क्लचपासून मोकळा राहिला तरी चालेल, फक्त इंजिन बंद पडण्याच्या बेतात आले तरच क्लचला हात लावावा. वेग रोखण्याचे पहिले काम इंजिनाचे आहे. दुसरे काम मागच्या ब्रेकचे, आणि मागचे चाक मधूनच थोडे घसरले तर घाबरण्याचे कारण नाही, कारण पुढचे चाक फिरते आहे तोवर गाडीची दिशा तुमच्या हातात असते. पुढच्या ब्रेकवर एकच बोट ठेवावे. पक्का दगड आला की ते हलकेच दाबावे आणि सुटी खडी आली की सोडावे. मागचा भाग वर उचलला जाऊ नये म्हणून कंबर मागे न्यावी, पण कोपर ताठ होईपर्यंत नेऊ नये, कारण ताठ हातांनी हँडल वळत नाही. गुडघ्यांनी टाकी धरावी, म्हणजे शरीराचा भार हातांवर येत नाही. नजर पुढच्या चाकाच्या शेजारच्या दगडावर नसावी, दहा-पंधरा मीटर पुढे असावी. शेवटची सूचना ऐकायला सोपी आणि पाळायला सर्वांत अवघड आहे, कारण भीती माणसाला जवळ पाहायला लावते.

तुमची गाडी वर्षभरातली आहे, म्हणजे तिच्यात २०२३ पासून आलेल्या एबीएसच्या, म्हणजे चाक अडकून घसरू नये म्हणून ब्रेक आपोआप सोडणाऱ्या यंत्रणेच्या, तीन पद्धती असतील. रस्त्यासाठी असलेली पद्धत घसाऱ्यावर पुढचा ब्रेक वारंवार सोडते आणि आपल्याला ब्रेक लागतच नसल्यासारखे वाटते. उतारापूर्वी कच्च्या वाटेसाठीची पद्धत निवडावी, आणि पडल्यावर इंजिन बंद करून पुन्हा चालू केले असेल तर कोणती पद्धत लागली आहे ते पुन्हा एकदा पाहावे.

इथे जरा विषयांतर करतो. याच वाटांवर तुम्ही सकाळी साडेसहाला दूधवाल्याला पाहिले असेल. त्याची गाडी साधी शंभर सीसीची, टायर गुळगुळीत, दोन्ही बाजूंना किटल्या, आणि तो बसून, दोन्ही पाय जमिनीलगत लोंबते ठेवून उतरतो. पुस्तकी हिशेबाने त्याचे सगळेच चुकते. पण तो माणूस धावण्याच्या वेगानेही जात नाही, त्याला प्रत्येक दगड ठाऊक असतो, आणि तो क्लच दाबत नाही. मी उतारावर इंजिनावर विश्वास ठेवायला कुठल्याही प्रशिक्षणात शिकण्याआधी अशाच एका दूधवाल्याच्या मागे-मागे जाऊन शिकलो.

चढाची गोष्ट वेगळी आहे, आणि तुमचे खरे हाल तिथे झाले. तुटलेल्या लिव्हरच्या उरलेल्या खुंटावर दोन बोटांनी क्लच सांभाळत घसारा चढणे कोणालाही जमले नसते, तेव्हा त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. परंतु चढावर गाडी बंद पडली की पुढे काय करायचे, हे आधी ठाऊक नसेल तर धड लिव्हर असूनही तीच गत होते. बहुतेक जण गाडी थांबताच पुढचा ब्रेक दाबून पाय टेकतात. चढावर भार मागच्या चाकावर गेलेला असतो, पुढचे चाक हलके झालेले असते, आणि ते हलके चाक कितीही घट्ट धरले तरी सगळी गाडी त्याला घेऊन मागे सरकते. माझ्या बाबतीत हे भोरच्या बाजूच्या एका वाटेवर झाले. गाडी मागे सरकू लागली, मी सवयीने दरीकडचा पाय टेकला, आणि तिथे जमीन अपेक्षेपेक्षा वीतभर खाली होती. गाडी माझ्यासह दरीकडच्या अंगाला कलंडली आणि घोट्यावर पडली. पायात साधे ट्रेकिंगचे बूट होते. घोटा मोडला नाही हे नशीब, पण दीड महिना मी काठी घेऊन चालत होतो.

म्हणून चढावर बंद पडलेल्या गाडीला मागे सरकण्यापासून गिअर रोखतो हे पक्के लक्षात ठेवावे. इंजिन बंद पडले की क्लच दाबण्याचा मोह टाळावा. गिअरमध्ये अडकलेले मागचे चाक हाच त्या क्षणी तुमचा हातब्रेक आहे. मग डोंगराकडचा पाय टेकावा आणि गाडी त्याच अंगाला कलती ठेवावी. ती पडणार असेलच तर डोंगराकडेच पडू द्यावी, म्हणजे ती कमी उंचीवरून पडते आणि तुम्ही तिच्याखाली येत नाही. तिथून पुन्हा चढण्याचा प्रयत्न करण्याऐवजी गाडी फिरवून खाली नेणे सहसा शहाणपणाचे असते. इंजिन बंद आणि गिअर टाकलेला असताना क्लच थोडा-थोडा सोडत-दाबत गाडी इंच-इंच मागे येऊ द्यावी, हँडल असे वळवावे की मागचे चाक डोंगराच्या बाजूला वर जाईल, आणि गाडी उताराला आडवी झाली की पुढचे चाक खाली वळवून घ्यावे. सगळे होईपर्यंत तुम्ही गाडीच्या डोंगराकडच्या अंगालाच उभे असले पाहिजे. पहिल्या वेळी याला दहा मिनिटे लागतात, सराव झाला की दोन.

चढ चढण्यापूर्वी गिअर निवडून ठेवावा आणि मध्ये बदलू नये. शरीर पुढे, छाती हँडलजवळ, आणि ॲक्सिलरेटर एकसारखा, कारण चाक एकदा गरगरा फिरू लागले की ते खाली खड्डा खणते आणि तुम्ही त्यातच रुतता. गाडीवाटेवर अजून एक सापळा असतो, तो म्हणजे बैलगाडीच्या किंवा जीपच्या चाकांनी पडलेली खोल चाकोरी. चाकोरीत उतरलात तर शेवटपर्यंत तिच्यातच राहा; मधूनच तिच्या भिंतीवर चाक चढवून बाहेर पडू पाहणारा आडवा पडतो. मला मधला उंचवटा आवडतो, पण तो निवडायचा तर सुरुवातीलाच निवडावा लागतो.

यानंतर मूळ मुद्दा. हे सगळे तंत्र शिकूनही तुम्ही त्याच रविवारी त्याच वाटेने गेला असता, तरी मी तुम्हाला थांबवले असते, कारण तुम्ही उतार फक्त वरून पाहिला. वरून पाहिलेला उतार नेहमी सोपा दिसतो, दगडांच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजू वरून दिसतच नाहीत. माझा रिवाज असा आहे की पदराची कड आली की गाडी लावायची, हेल्मेट हँडलला अडकवायचे आणि तळापर्यंत चालत जाऊन परत चालत वर यायचे. खाली पोहोचल्यावर वळून पाहतो तेव्हा त्या वाटेचा खरा चेहरा दिसतो. येताना मी तीन गोष्टी बघतो: मध्येच थांबून दम घेता येईल अशी सपाट जागा कुठे आहे, गाडी पडली तर कुठल्या अंगाला आणि किती खोल जाईल, आणि गाडी फिरवण्याइतकी रुंदी कुठे मिळते. वर येताना मला स्वतःला दोनदा थांबून धापा टाकाव्या लागल्या, तर त्या वाटेने मी एकटा गाडी नेत नाही. हा निकष शास्त्रीय नाही, पण ज्याला रिकाम्या हातांनी चढताना धाप लागते त्याला दीडशेहून अधिक किलोची गाडी तीनदा उचलून चढवायची आहे, हे त्यातून बरोबर कळते.

या चालण्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि लोकांना तेवढा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. तुमचे साडेचार तास गेले.

वाडीतल्या लोकांना विचारण्याबद्दलही सांगतो, कारण तुम्ही विचारले होते आणि ‘जाती की गाडी’ असे उत्तर मिळाले होते. ते उत्तर खोटे नव्हते. विचारणाऱ्याला गाडी म्हणजे आपली गाडी वाटते आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या मेहुण्याची गाडी, किंवा उन्हाळ्यात शेणखत घेऊन गेलेला ट्रॅक्टर असतो. शिवाय पाहुण्याला ‘नाही’ म्हणणे आपल्याकडे बरे दिसत नाही. त्यामुळे मी ‘जाते का’ असे विचारत नाही. ‘शेवटची गाडी कोण घेऊन गेलं, कधी, आणि त्याच वाटेनं परत आलं का?’ असे विचारतो. या तिसऱ्या भागावर समोरचा माणूस क्षणभर थांबला, तर त्या थांबण्यातच उत्तर असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नांकडे, म्हणजे सामानाकडे. टायर आत्ता बदलू नका. कंपनीकडून आलेले टायर तुमच्या कामाला कोरड्या ऋतूत पुरेसे आहेत. त्यातली हवा मात्र पाहा. डांबरी रस्त्यासाठी भरलेल्या हवेवर टायर दगडावरून उड्या मारतो. मी कच्च्या वाटेला लागताना पुढे २० आणि मागे २२ पीएसआय ठेवतो आणि सह्याद्रीच्या दगडांत त्याखाली जात नाही, कारण आपल्या टायरांत ट्यूब असते, आणि हवा फार कमी केली की दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटून ती दोन ठिकाणी कापली जाते. हातपंप, जादा ट्यूब आणि टायर काढायचे लिव्हर सोबत असावेत, आणि परत डांबरीवर येताच हवा भरावी. हे तिन्ही जवळ असून पंक्चर काढता येत नसेल तर घरच्या अंगणात एकदा चाक काढून-बसवून पाहा.

शॉकअपबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या गाडीचे शॉकअप पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर दबतात, याला शॉकअपचा प्रवास म्हणतात, आणि तुम्ही ज्या वेगाने जाता, किंवा जायला हवे, त्या वेगाला तो भरपूर आहे. याच गाडीच्या प्रो आवृत्तीत तो २५० आणि २२० मिलिमीटर आहे, जमिनीपासूनची उंचीही २२० ऐवजी २७० आहे, आणि ते आकडे पाहून मोह होतो. पण त्याबरोबर सीटची उंची ८२५ वरून ८९१ मिलिमीटर होते. तुमच्या उंचीच्या माणसाला घसाऱ्यावर पाय टेकायची वेळ आली तर ते साडेसहा सेंटिमीटर फार महाग पडतील. माझ्या घोट्याची कथा वर सांगितलीच आहे. त्यापेक्षा मागच्या शॉकअपचा ताण तुमच्या वजनाप्रमाणे लावून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत.

मोठी गाडी घेण्याचा विचार या वाटांसाठी तरी सोडून द्या. नवी हिमालयन ४५० ही लांबच्या प्रवासाला उत्तम गाडी आहे आणि स्पितीला जाणाऱ्याला मी ती आनंदाने सुचवेन, पण तिचे वजन १९६ किलो आहे आणि तुमच्या गाडीचे सुमारे १६०. पहिल्यांदा पडल्यावर हा फरक जाणवत नाही, चौथ्यांदा जाणवतो. ज्या दिवशी गाडी उचलून-उचलून दमलात, त्या दिवसाचे उरलेले सगळे निर्णय चुकीचे होतात.

खर्च करायचाच असेल तर त्याचा क्रम माझ्या हिशेबाने असा लागतो. सर्वांत आधी घोटा आणि नडगी झाकणारे खास बूट, मग गुडघ्याचे संरक्षण, कारण या वेगात होणाऱ्या दुखापती बहुधा पाय गाडीखाली सापडून होतात. त्यानंतर हँडलच्या दोन्ही टोकांना बसणारे धातूचे हातसंरक्षक, ज्यांनी तुमचा क्लचचा लिव्हर वाचला असता. लिव्हर ज्या पकडीत बसतो तिचे स्क्रू किंचित सैल ठेवले तर पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो. ही युक्ती फुकट आहे. तरीही क्लच आणि ब्रेक या दोन्हींचा एकेक जादा लिव्हर सीटखाली असू द्या. इंजिनाखालची जाड पत्र्याची ढाल पुढची पायरी. सगळ्यात शेवटी पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चक्र, एक दात कमी करण्याचा विचार करा. त्याचा परिणाम मागचे साधारण तीन दात वाढवण्याइतका होतो, पहिल्या गिअरमध्ये गाडी आणखी हळू आणि जोरकस चालते, आणि उतारावर इंजिन अधिक घट्ट धरते. महामार्गावर इंजिन जास्त ओरडेल, तेवढे सोसायला हवे.

एकट्याने जाणे चूक आहे का, याचे उत्तर वाटेवर अवलंबून आहे. जिथे जीप रोज जाते अशा कच्च्या रस्त्यावर एकटे जायला हरकत नाही. जिथे पदराची कड उतरायची आहे तिथे तिघे असावेत, म्हणजे एक जखमी झाला तर दुसरा त्याच्याजवळ थांबतो आणि तिसरा मदत आणायला जातो. वेल्ह्याच्या खोऱ्यांत फोन लागेलच असे नाही, आणि १०८ ची रुग्णवाहिका फार तर रस्त्यापर्यंत येईल. ओढ्यापासून रस्त्यापर्यंत तुम्हाला वाडीतलेच लोक झोळी करून आणणार आहेत. घरी वाटेचे नाव आणि परतीची वेळ लिहून ठेवा, नकाशा फोनमध्ये आधी उतरवून घ्या, आणि दुपारी दोननंतर नवी वाट सुरू करू नका, कारण कड्याच्या पूर्वेच्या खोऱ्यात ऊन फार लवकर उतरते.

कुठे जाऊ नये हे तुम्ही विचारलेले नाही, पण सांगणे भाग आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणे भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा ठरू शकतो, आणि ताम्हिणी, भीमाशंकर, कोयना यांसारख्या अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. तिथे वनखात्याच्या चौकीत विचारल्याशिवाय डांबरी सोडू नये. गडांच्या पायऱ्या आणि नाणेघाटासारखे प्राचीन फरसबंदी मार्ग चाकांसाठी नाहीत. पावसाळ्यात सड्यांवर आणि पठारांवर गाडी घालणे तर मी अपराधच मानतो. कासच्या पठारासारख्या ठिकाणी कातळावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा असतो, आणि एका चाकाने पडलेली चाकोरी पुढची कित्येक वर्षे बुजत नाही. शेताचा बांध ढासळला तर मालकाला शोधून भरपाई द्यावी. आपल्यामागून येणाऱ्या दुचाकीस्वाराशी वाडी कशी बोलेल हे आपणच ठरवून जात असतो.

सरावासाठी तुमच्या ओळखीच्या गावात, गावकऱ्यांना विचारून, वीस-पंचवीस मीटरांचा रुंद मुरमाचा उतार निवडा. दरी नको, मोठे दगड नकोत. पहिले दोन रविवार फक्त उतरा: पहिला गिअर, क्लच मोकळा, मध्ये तीनदा पूर्ण थांबायचे आणि पुन्हा निघायचे. पुढचे दोन रविवार चढावर मुद्दाम इंजिन बंद पाडा आणि गाडी फिरवून खाली आणा, दिवसातून दहा वेळा. पाचव्या रविवारी हेच सगळे थकलेल्या अवस्थेत, दुपारी करून पाहा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे फोटोही चांगले येत नाहीत. पण सहाव्या रविवारी, नोव्हेंबर उजाडल्यावर, दोघांना सोबत घेऊन पुन्हा त्याच वाडीत जा, गाड्या कडेवर लावा आणि चालत खाली उतरा. जमेल असे वाटले तर उतरा, नाही वाटले तर वाडीत चहा प्या आणि ज्या चौघांनी गाडी ढकलली त्यांच्यापैकी कोणाला तरी त्यांची गाडी कुठल्या दगडांवरून जाते ते दाखवायला सांगा.

राहिला शेवटचा प्रश्न. तुम्ही दिलेल्या खुणांवरून तो ओढा मला ठाऊक असलेलाच असेल, तर पलीकडे गाडीवाट दोनेकशे मीटर जाते, नाचणीच्या एका खाचरापाशी संपते, आणि तिथून पुढे धारेवर चढते ती ढोरवाट आहे. खाचराच्या बांधाला आंब्याचे जुने झाड आहे. मी गाडी त्याच्या सावलीत लावतो आणि पुढे पायी जातो.